गार्ड मिनेझिसची लिंबू-फेणी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! चार माणसं दर आठवड्याला एकाच ओट्यावर बसली, की ते आपोआप साचतात, माळ्यावर जळमटं साचतात तसे. एक काढायला हात घालावा, तर सगळेच अंगावर येतात.

परवा नातसुनेनं फ्रिजमधून बर्फ काढला, लिंबू कापलं, आणि त्या वासासरशी मी थेट कर्जतच्या रेल्वे चाळीत जाऊन बसलो. ती म्हणाली, "आजोबा, डोळ्यात लिंबू उडालं का?" मी म्हटलं, हो. आता तिला काय सांगणार?

बावीस वर्षांचा असताना मी कर्जत स्टेशनवर तारबाबू होतो. कडकट्ट कडकट्ट करणाऱ्या यंत्रावर तारा घ्यायच्या आणि पाठवायच्या, हे माझं काम. कर्जत म्हणजे घाटाचा पायथा. पुण्याकडे चढणाऱ्या प्रत्येक गाडीला इथे मागून ढकलायला जादा इंजिन लावायचे, त्याला बँकर म्हणत. त्यामुळे गाव लहान आणि रेल्वेची माणसं भरपूर. सगळ्या चाळीच्या भिंती धुरानं काळ्या. वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी काढलं की ते करड्या रंगाचं झालेलं असायचं.

या चाळीत अगदी टोकाच्या बिऱ्हाडात गार्ड मिनेझिस राहायचा. गोव्याचा माणूस. पंचेचाळिशीचा, मिशा टोकदार, आणि बिऱ्हाडात एकटा. त्याची बायको रोझालीन तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणासाठी गोव्याला गेली होती. आई बरी झाली, पण ही आलीच नाही. जाण्याआधी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून, ते त्यांनाही धड आठवत नसावं. पण ती तिकडून म्हणे, न्यायला ये. हा इकडून म्हणे, "गेली ती आपल्या पायांनी. येईल ती आपल्या पायांनी!"

असं म्हणायचा, आणि पुण्याकडून येणारी दुपारची गाडी लागली की दारात उभा राहायचा. चाळीच्या दारातून फलाटाचं टोक दिसायचं.

*

मिनेझिस ड्यूटीवरून घामाघूम होऊन आला, की रोझालीन त्याला एक पेय करून द्यायची. लिंबाचा रस, दोन बोटं काजूची फेणी, साखर, चिमूटभर मीठ, आणि वरून गोटी सोडा. बस्स. ती गेल्यावर दर रविवारी दुपारी हा ते स्वतः करायचा, आणि एकट्याला गिळवेना म्हणून आम्हाला बोलवायचा.

पहिला घोट घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "नाही जमलं."

आम्ही म्हणायचो, "साहेब, झकास झालंय!"

"तुम्ही तिच्या हातचं कुठे प्यायलात?" असं म्हणून तो उरलेला ग्लास संपवायचा.

माझ्या ग्लासात फेणी नसायची हं. कट्टर घरातला मुलगा मी. पहिले सहा महिने तर अजिबात नसायची!

*

सोड्याच्या बाटल्या खालापूरहून बैलगाडीनं यायच्या. बर्फ मात्र मुंबईहून. गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, लाकडाच्या भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून. मुंबईहून निघताना पाट्याएवढा, कर्जतला उतरताना नारळाएवढा.

एकदा हा बर्फ उतरवून घ्यायचं काम भिकोबाकडे आलं. भिकोबा स्टेशनवरचा सांधेवाला, कडावचा शेतकरी माणूस. रूळ बदलण्यात एक नंबर, पण बर्फ त्यानं जन्मात पाहिला नव्हता. आम्ही ओट्यावर लिंबं कापून वाट बघत बसलो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी भिकोबा आला, हातात नुसता ओला गोणपाट.

"बर्फ कुठाय रे?"

"सायब, लय मळका होता वो! वरनं समदा भुसा. मी नळाखाली धरला आन् चोळचोळ चोळला. धुता धुता कळलं, आत काय नायच! नुसता मळच होता!"

आम्ही हसून हसून लोळलो. मिनेझिस मात्र हसला नाही. त्यानं तो गोणपाट शांतपणे उचलला, आपल्या ग्लासावर पिळला आणि म्हणाला, "मुंबईहून आलंय. वाया कशाला घालवायचं?"

*

मिनेझिसचा एक नियम होता. ग्लास हातात आले तरी कुणी तोंडाला लावायचे नाहीत. तो गाडी सोडायची शिटी खिशातून काढणार, फुर्रर्र करून वाजवणार, "राइट!" म्हणणार, मग प्यायचं. हाडाचा गार्ड तो! मला वाटतं, जेवायलाही तो स्वतःला शिटी देत असावा.

चाळीला लागूनच इंजिनात पाणी भरायचा रूळ होता. एका रविवारी तिथे एक बँकर उभं होतं. ड्रायव्हर नवा, आठच दिवसांपूर्वी बदलून आलेला. फायरमन टाकीवर चढून वरच्या नळाच्या सोंडेतून पाणी घेत होता. इकडे मिनेझिसनं खांद्यावर हिरवा पंचा टाकलेला, हातात ग्लास. शिटी वाजली, पंचा हलला, "राइट!"

आणि इंजिन निघालं की हो!

सोंड राहिली जागेवर, फायरमन गेला पुढे, आणि टाकीतलं पाणी धो धो आमच्या ओट्यावर! ड्रायव्हरनं वीस पावलांवर इंजिन थांबवलं आणि तावातावानं खाली उतरला. "गार्डाची शिटी झाली, हिरवं दिसलं, मी काय करणार?"

स्टेशन मास्तर धावत आले. "मिनेझिस! कोणत्या गाडीला शिटी दिलीत?"

मिनेझिस टाचा जुळवून उभा राहिला. मिशांतून पाणी ठिबकतंय.

"लिंबू-फेणी स्पेशल, मास्तर. राइट टाइम होती."

*

आता या मास्तरांबद्दल सांगायला हवं. परांजपे मास्तर म्हणजे नियमांचं पुस्तक. स्टेशनवर त्यांच्यासमोर कुणी विडी ओढत नसे. पण रविवारी दुपारी "जरा लिंबूपाणी घेतो" म्हणून तेही ओट्यावर यायचे. आल्या आल्या डोक्यावरची टोपी काढून मिनेझिसच्या खुंटीला अडकवायचे. टोपी खुंटीवर असली की ते मास्तर नाहीत!

मिनेझिस फेणीची बाटली काढायचा. तिच्यावर चिठ्ठी "खोबरेल तेल" अशी. गोव्याची हद्द ओलांडताना कुणी विचारायला नको म्हणून. मास्तर त्या वेळी बरोबर डोंगराकडे तोंड करून बसायचे आणि माथेरानचा कडा न्याहाळायचे. ओतून झालं की मिनेझिस खाकरायचा, मग मास्तर वळायचे.

एकदा मिनेझिस फेणी घालायलाच विसरला. मास्तर एक घोट घेऊन गप्प. दुसरा घेतला, पुन्हा गप्प. काय बोलणार? तक्रार करावी तर ग्लासात काय असतं ते माहीत असल्याचं कबूल करायला हवं! बराच वेळ चुळबुळ करून शेवटी म्हणाले,

"मिनेझिस, आज कडा जरा जास्त वेळ बघितला तरी चालेल मला."

कसली माणसं होती हो! आता डोंगराकडे बघायला गच्चीवर जावं लागतं, आणि तिथूनही समोरच्या इमारतीतली धुणीच दिसतात.

*

रोझालीनची पत्रं महिन्याला एक यायची. त्यात डुकरीला किती पिल्लं झाली, चर्चच्या फेस्ताला कोण कोण आलं, शेजाऱ्यानं कुंपण कुठे सरकवलं, सगळं असायचं. "मी येते" एवढंच नसायचं. मिनेझिसही तितकाच बेरकी. उत्तरात लिहायचा इंजिनांबद्दल. "तू ये" लिहायचा नाही.

एकदा त्यानं लिहिलं, की इथली लिंबं रसाला फार चांगली. तिनं लिहिलं, तिकडची काय चांगली असणार, लिंबं आमच्याकडची. यानं इरेला पेटून बारा लिंबं निवडली, भाताच्या पेंढ्यात बांधली आणि पार्सलनं गोव्याला धाडली. तीन आठवड्यांनी तिकडून पार्सल आलं. उघडलं तर तिच्या परसातली लिंबं. मोजली, तेरा!

मिनेझिस कोड्यात पडला. "बाराला तेरा का?"

मास्तर म्हणाले, "मोजण्यात चूक."

मी म्हटलं, "एखादं नासेल म्हणून."

भिकोबा खाली उकिडवा बसून ऐकत होता. म्हणाला, "आवो, बाई मानूस रुसली तरी हात आखडता घेत नाय. येक जास्ती धाडलाय, म्हंजे तुमीच आता काय तरी बोला!"

मिनेझिसनं ती तेराही लिंबं खिडकीत मांडून ठेवली. त्या रविवारी त्यानं त्यातलं एकही लिंबू कापलं नाही. पुढे ती सुकून सुपारीएवढी झाली, तरी खिडकीत तशीच होती. मला तेव्हा हसू यायचं. आता माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या हातचं लोणचं बरणीच्या तळाशी थोडं उरलंय, ते मी कुणाला काढू देत नाही. आता नाही हसू येत.

*

आमच्या मंडळातला शेवटचा मेंबर काळू ठाकूर. घाटातल्या ठाकुरवाडीचा आदिवासी. आठवड्यातून एकदा मध, करवंदं, जळणाची मोळी असं काहीबाही घेऊन घाट उतरून यायचा. काळू कुणालाच अहो-जाहो करत नसे. मास्तरांनाही "तू"! त्याच्या बोलीत ते नव्हतंच, आणि मास्तरही ते मुकाट्यानं ऐकून घेत.

लिंबू कापण्याआधी गरम राखेत जरासं ठेवायचं म्हणजे रस दुप्पट निघतो, हे त्यानंच आम्हाला शिकवलं. एकदा तसं लिंबू राखेत फिरवता फिरवता त्यानं सरळ विचारलं,

"तुजी बायको कुटं हाय रं?"

आम्ही सगळे चपापलो. तो प्रश्न मिनेझिसला कुणी विचारत नसे.

"गोव्याला."

"रुसली?"

"हूं."

"मंग जाऊन आन ना. आमच्यात बायको रुसली तर नवरा जातो, चार दिस सासऱ्याची लाकडं फोडतो. पाचव्या दिशी ती आपसूक मागनं चालाय लागते."

"सुटी नाही मिळत रे."

काळूनं लिंबू राखेतून काढून फुंकलं. "सुटी कोन देतो?"

मिनेझिसनं मास्तरांकडे बोट केलं. काळूनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"तीन वर्षांत यांनी एकदाही मागितलेली नाही."

त्या दिवशी शिटी वाजली नाही. आम्ही तसंच प्यायलो.

*

आणि आता तो चैत्रातला रविवार.

दुपारचे साडेतीन. उकाडा असा की रुळांवरून नजर ठरत नव्हती. मी यंत्रावर होतो, आणि तार आली. मिनेझिसच्या नावची. काय होतं तिच्यात, ते आता सांगायला हरकत नाही. "निघाले. स्टेशनवर ये. रोझालीन."

मी खुर्चीतून उडालोच! घाईघाईनं उतरवली, लिफाफ्यात घातली, चिकटवली आणि धावत सुटलो. धावता धावता लक्षात आलं, तार आदल्या दिवशी सकाळी लोंढ्याहून, म्हणजे गोव्याची हद्द ओलांडल्यावरच्या जंक्शनवरून दिलेली. शनिवार-रविवारी खासगी तारा मागे पडायच्या, तशी ही कुठेतरी पडून राहिली होती. म्हणजे रोझालीन आजच्याच गाडीत होती. पुण्याकडची गाडी, चार वाजून दहा मिनिटांनी!

ओट्यावर मिनेझिस लिंबं पिळत होता. मास्तर टोपी काढून बसलेले. काळू राखेजवळ. मी लिफाफा पुढे केला.

मिनेझिसच्या हातातलं लिंबू खाली पडलं.

त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरी तार यायची ती एकाच कामासाठी. कुणी गेलं, की तार. तारेचा माणूस दारात दिसला की बायका आधी रडायला लागायच्या, मग वाचायच्या.

"साहेब, उघडा," मी म्हटलं.

"नाही."

"उघडा तरी!"

"उघडली की ती मेली, तारबाबू," मिनेझिस म्हणाला. "नाही उघडली, तोवर आहे."

आणि लिफाफा मांडीखाली सरकवून तो पुन्हा ग्लास भरायला लागला. साखरेचा डबा पुढे ओढला. एक चमचा घातला, दुसरा घातला, तिसरा घातला, मोजायचं भानच नाही.

तुम्ही म्हणाल, मी सांगून का टाकलं नाही? कसं सांगणार! तारेतला मजकूर ज्याचा त्यानंच लिफाफ्यातून वाचायचा, तारबाबूनं तोंडातून ब्र काढायचा नाही, अशी आमची शपथ. आणि गेल्याच महिन्यात गुड्स क्लार्कला मुलगा झाल्याची तार मी आनंदाच्या भरात फलाटावरच ओरडून सांगितली होती. त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली होती, पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल. ताकीद देणारे मास्तर समोरच बसलेले! म्हणून मी चेहरा अगदी कोरा ठेवला.

तिथेच घात झाला. काळू माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "या पोराचं तोंड बग. गेली रं ती, गेली."

"अरे, माझं तोंड असंच आहे!" मी ओरडलो. पण कुणी ऐकेना.

मिनेझिस रडायला लागला. मोठा, मिशीवाला माणूस, हातात ग्लास धरून लहान मुलासारखा रडायला लागला. "मी जायला हवं होतं," तो म्हणत होता. "तिसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. तीन वर्षं दारात उभा राहिलो, पण गाडीत नाही बसलो. रोज घाट चढतो, उतरतो. चार स्टेशनं पुढे गेलो असतो, तर पोचलो असतो. काय भांडलो होतो रे आम्ही? कशावरून भांडलो होतो?"

मास्तरांचे डोळे भरले. मीही रडायला लागलो, तो त्याच्यासाठी आणि घड्याळासाठी. चार वाजले होते. रोझालीन हट्टी होती. तीन वर्षांनी ती आपणहून येत होती, आणि स्टेशनवर तिला नवरा दिसला नाही, तर पुण्याच्या पुढच्या गाडीनं परत फिरायला ती कमी करणार नव्हती.

घाटाकडून गाडीची शिटी ऐकू आली.

"मास्तर!" मी हात जोडले. "मला बोलू द्या!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक त्या क्षणी उमगलं. ते ताडकन उठले, खुंटीवरची टोपी ओढली, घाईत उलटी घातली. "तारबाबू," ते म्हणाले, "स्टेशन मास्तर या नात्यानं मी तुम्हाला हुकूम देतो, की..."

पण त्यांना नेमका शब्द सुचेना. उभ्या जन्मात त्यांनी नियम मोडायचा हुकूम दिला नव्हता. "की सदरहू तारेतील मजकूर..." असं म्हणून ते थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. गाडी फलाटाला लागली. गाडी थांबली. मिनेझिस तोंड झाकून बोलतच होता, रोझालीन असं हसायची, रोझालीन असं गायची, तिच्याइतकी भली बाई अख्ख्या गोव्यात नाही.

आम्हा तिघांची पाठ रस्त्याकडे होती. काळूचं तोंड तेवढं तिकडे होतं. एकदम त्याच्या हातातलं लिंबू राखेत पडलं.

मी वळलो. पायरीशी भिकोबा उभा होता, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. त्याच्या पुढे एक उंच बाई. प्रवासानं चुरगळलेली साडी, कपाळावर घाटातली काजळी. ती किती वेळ उभी होती, काय काय ऐकलं होतं, देव जाणे.

ती पायऱ्या चढून वर आली. नवऱ्यासमोर उभी राहिली. त्यानं वर पाहिलं. तिनं त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मी मेले म्हणून एवढी साखर?" ती म्हणाली. "ऊठ. लिंबू पीळ. आलेय मी."